मेनवरची चप्पल

हसुरामभाऊंच्या पायात एकच चप्पल दिसली की आमच्या गिरणीतला प्रत्येक माणूस हात आखडून उभा राहायचा. उजवा पाय चपलेत, डावा उघडा, आणि ओठात न पेटवलेली विडी. याचा अर्थ लाईट गेलेली आहे, मेन स्विचचा दांडा खाली पाडलेला आहे आणि त्या दांड्यावर भाऊंची डावी चप्पल लटकते आहे. ती ज्यानं टांगली त्यानंच काढायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, मग तो मालक असो, नाहीतर वीज मंडळाचा वायरमन. हा त्यांचा कायदा.

पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मी भडकलेच. बोर्डाच्या बरोबर वर सासऱ्यांनी लावलेला गणपतीचा फोटो होता.

"हसुरामभाऊ, अहो शुद्धीवर आहात का? देवाच्या नाकाखाली चप्पल?"

"गनपतीला कळतं वहिनी, दांडा वर करायचा नाय. मानसाला कळत नाय. म्हनून चप्पल."

"मग पाटी लावा. दोरी बांधा."

"पाटी वाचायला थांबतो कोन? चपलेला हात लावताना मानूस दचकतो जरा. आनि माझा पाय उघडा असला की मना बी इसर पडत नाय."

मी आणखी दोन दिवस कटकट केली. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं गणपती समोरच्या भिंतीवर हलवला. चप्पल जिथल्या तिथे राहिली.

पेणला आमची पोह्यांची गिरणी. सासऱ्यांनी घातलेली. आमचे हे बँकेत, अलिबागला. त्यांचा आणि भाताचा संबंध फक्त ताटात. म्हणून गिरणी माझ्या गळ्यात पडली आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. मी तोंडाची फटकळ आणि हाताची घाईची. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकणाशी झटापट करणारी बाई. गिरणीत असल्या माणसाचं बरं चालतं, असं तेव्हा मला वाटायचं.

ज्यांनी पोहे फक्त बशीत बघितलेत त्यांच्यासाठी सांगते. भात भिजत घालायचं, निथळायचं, भट्टीवर तापलेल्या वाळूत भाजायचं आणि गरम असतानाच चक्कीत घालून चेपायचं. गरम असतानाच. पाच-सात मिनिटं गेली की दाणा कडक होतो, मग चेपायला जावं तर नुसता चुरा. त्यामुळे भाजलेला घाणा बाहेर पडला आणि लाईट गेली की तो घाणा गेलाच. आणि त्या वर्षांत लाईट जायला काही निमित्त लागायचं नाही. वारा सुटला की जायची, वारा पडला की जायची.

अशात एक्क्याण्णव साली, पाऊस ओसरता ओसरता, हसुरामभाऊ दारात उभे राहिले. खारेपाटातले, मिठागरात वाढलेले आगरी गृहस्थ. पन्नाशीला टेकलेले, उंच, अंगानं सडपातळ. आठ वर्षं इराकात बसऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात फिटर होते. लढाईची चिन्हं दिसायला लागली तेव्हा बरोबरची माणसं परत आली, हे तिथेच राहिले. का राहिलात, असं विचारलं की एकदा सांगायचे, मालकानं पासपोर्ट दाबून ठेवलेला. दुसऱ्यांदा सांगायचे, मालकाला एकटं टाकून यावं असं वाटलं नाय. खरं काय ते मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही खरं असावं. मग विमानं आली आणि त्यांनी पहिली वीजघरं फोडली. एक बॉम्ब इतका जवळ पडला की भाऊंचा डावा कान कायमचा गेला. पुढे कसेबसे ट्रकमधून जॉर्डनला पोचले आणि तिथून घरी. बोलताना उजवा कान पुढे करून उभे राहायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा काहीतरी गुपित ऐकायला आलाय.

आल्या आल्या त्यांनी पगार विचारला नाही की कामाची वेळ विचारली नाही. गिरणीतून एक फेरी मारली आणि म्हणाले, "वहिनी, लाईट गेली की तुमच्याकडं पयलं काय मरतं?"

"मरतं म्हणजे?"

"पयलं काय मरतं? त्याच्यामागून काय? त्याच्यामागून काय?"

मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून आठवून सांगितलं. भाजलेला घाणा, पाच मिनिटं. भिजलेलं भात, संध्याकाळपर्यंत, मग आंबूस वास मारायला लागतं. कोरडं भात आणि तयार पोहे, त्यांना काही होत नाही. त्यांनी भट्टीतला कोळसा घेऊन याच क्रमानं भिंतीवर लिहिलं. मग मागच्या अंगणात गोणपाटाखाली पडलेलं आमचं जुनं डिझेल इंजिन त्यांनी मधल्या खोलीत आणून बसवलं. त्या खोलीत एक लांब लोखंडी दांडा फिरायचा, शाफ्ट, आणि त्याच्यावर दोन्ही चक्क्या चालायच्या. एरवी मोटर त्याला पट्ट्यानं फिरवायची. लाईट गेली की भाऊ मेन पाडणार, चप्पल टांगणार, मधल्या खोलीत जाऊन मोटरीचा पट्टा उतरवणार, इंजिनाचा चढवणार आणि इंजिन मारणार. चार मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं होतं. त्या वर्षी दिवाळीत आमचा एकही घाणा मेला नाही.

बसऱ्याच्या गोष्टी ते दुपारच्या चहाला सांगायचे. चहा बशीत ओतून, पण बशी तोंडाला लावायच्या आत निवून जायची, कारण गोष्ट मध्येच सोडवत नसे. बॉम्बच्या, मेलेल्या माणसांच्या गोष्टी फार नसायच्या. धंद्याच्या असायच्या. वीज गेली तेव्हा न्हाव्यानं खुर्ची उचलून रस्त्यावर उन्हात मांडली. शिंप्यानं भावाच्या माळ्यावरचं पायाचं मशीन उतरवलं. पिठाच्या गिरणीवाल्यानं ट्रॅक्टर दाराशी उभा करून त्याच्या चाकावर पट्टा चढवला. कोंबडीवाला कापलेली कोंबडी ठेवीनाच, गिऱ्हाईक आलं की समोर कापायचा. आणि बर्फाच्या कारखान्यानं काय केलं असेल?

"काय केलं?" मी विचारायचे. दहादा ऐकलेलं असूनही.

"पानी विकलं वहिनी! नळाचे पंप बंद, लोकांच्या घरात थेंब नाय. आमच्या टाक्या भरलेल्या. मालक बोलला, बरफ म्हंजे तरी काय, घट्ट पानीच ना? आता पातळ विका." आणि स्वतःच खो खो हसायचे.

पण एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. चपलेची.

बसऱ्यात पुढे पुढे दिवसातून तासभर वीज यायची. कधी, ते कुणाला ठाऊक नाही. आली की सगळं शहर धावत सुटायचं, तासाभरात जेवढं होईल तेवढं. कारखान्यात याकूब नावाचा सुदानी फिटर होता, भाऊंचा जोडीदार. तो मशीनच्या पट्ट्यात हात घालून काम करत होता. वीज आली. कुणीतरी धावत जाऊन दांडा वर केला.

"लाईट गेल्यावर कोन मरत नाय वहिनी. आल्यावर मरतात. जाताना मानूस शाना असतो, येताना येडा होतो."

"दांडा वर केला कुणी?"

"ते कशाला? मना म्हाईत हाय. चार दिवसांनी तो आपल्या तोंडानं सांगाया आला. पोरंबाळंवाला मानूस. मी बोललो, बस. आमी दोघांनी मिलून याकूबच्या घरी पत्र धाडलं. त्यानं सांगितलं म्हनून झोपला तरी बिचारा."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. स्वच्छ, समोर बसून. मी पुढे जे केलं ते अडाणीपणानं केलं असं म्हणायची सोय त्यांनी माझ्यासाठी ठेवली नाही.

एका श्रावणात वादळानं आमच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर गेला आणि गल्ली पाच दिवस अंधारात. गणपती दोन आठवड्यांवर. समोरच मूर्तीचा कारखाना, त्यांची रंगाची फवारणी कॉम्प्रेसरवर. शेजारी डॉक्टर, त्यांच्या फ्रिजमध्ये बाळांच्या लसी. एक शिंपी, एक फोटो स्टुडिओ. भाऊंनी मला न विचारता आमच्या इंजिनाला कुठूनसा एक जनरेटर जोडला आणि गल्लीभर फिरून प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला. फोटोवाला म्हणाला, "माझी तर इज्जत मरायला लागलीय." भाऊ म्हणाले, "ती टिकंल पाच दिवस," आणि पुढे गेले.

सकाळी पहिले दोन तास डॉक्टर. मग मूर्तीचा कारखाना, कारण बाप्पा मुहूर्त पुढे ढकलत नाहीत. मग शिंपी. सगळ्यात शेवटी आमची गिरणी.

मी कंबर कसून भांडले. "इंजिन माझं, डिझेल माझं, आणि मीच शेवटी? वा रे वा!"

"तुमचं कोरडं भात कोठीत जित्तं हाय वहिनी. तुमी भिजत घालूच नका, मंग काय मरनार?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी आणखी थोडी भांडले. पाच दिवस असे गेले. नंतर सगळी गल्ली मला येऊन सांगायला लागली, वहिनी, तुम्ही होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तर हात जोडले. मी पदर सावरून "छे छे, त्यात काय" म्हणाले. हसुरामभाऊंनी केलं, असं काही मी म्हणाले नाही. भाऊ मागे उभे राहून हसत होते. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घ्यायला मला फारसं जड जात नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

आमच्या मोटरीचा स्टार्टर जुना होता. हिरवं बटण दाबलं तरी आत राहायचं नाही, म्हणून त्यात काडेपेटीची काडी ठोकून ठेवलेली. म्हणजे बटण कायमच दाबलेलं. मेन वर असला आणि वीज आली की मोटर आपोआप सुरू. पेण, रोह्याच्या निम्म्या गिरण्यांत तेव्हा असंच चालायचं, कुणाला त्यात काही गैर वाटत नसे. भाऊ मात्र महिन्यातून एकदा म्हणायचे, "वहिनी, हा स्टार्टर बदला."

"दिवाळीनंतर बघू," असं मी तीन दिवाळ्या म्हणत होते.

शहाण्णव सालची दिवाळी चार दिवसांवर होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे टेंपो संध्याकाळी यायचे होते. सकाळपासून चार वेळा लाईट गेली आणि आली. दुपारी साडेबाराला पाचव्यांदा गेली. भट्टीवर भागी होती, डोंगराकडच्या वाडीतली, भाजायला तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. तिनं नुकताच घाणा काढला होता. भाऊंनी दांडा पाडला, चप्पल टांगली आणि मधल्या खोलीत गेले.

मी दारात उभी होते. दोन मिनिटं झाली नसतील, समोरच्या मूर्तीच्या कारखान्यात बल्ब पेटला. आली! भागी मागून ओरडत होती, "वहिनी, घाना निवतो गो! निवतो!"

मी एकदा हाक मारली. "हसुरामभाऊ, आली लाईट!" एकदाच. उत्तर आलं नाही. त्यांचा डावा कान गेलेला आहे हे मला पाच वर्षं ठाऊक होतं. मला वाटलं, ते अजून इंजिनापाशी असतील, पट्ट्याला हात घातला नसेल. खरं म्हणजे मला असंही काही वाटलं नाही. मला फक्त तो घाणा दिसत होता. मी दांड्यावरची चप्पल काढली, खाली टाकली आणि दांडा वर केला.

मी दचकलेसुद्धा नाही चपलेला हात लावताना.

तो आवाज मी लिहिणार नाही. मी दांडा खाली ओढला. त्या दोन कृतींमध्ये किती वेळ गेला असेल? तीन सेकंद, चार. भाऊंच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती आणि मनगट पिळवटलं होतं.

समोरच्या कारखान्यातली माणसं धावत आली. त्यांच्या जीपमधून आम्ही दवाखान्यात निघालो. मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, हाताला माझाच पदर गुंडाळलेला. त्यांचा डावा पाय उघडा होता आणि तो सतत हलत होता. अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे उघडले.

"वहिनी, मेन वर व्हता काय?"

मी नाही म्हणू शकले असते. मी केला वर, असं तीन शब्दांत सांगता आलं असतं. जीपमध्ये पुढे दोन माणसं बसली होती. मी म्हणाले, "हो, वरच होता. मी धावत जाऊन पाडला."

"आनि चप्पल?"

"पडली असेल पायातून, ओढाताणीत."

त्यांनी उघड्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे इसरलोच मी." आणि डोळे मिटले.

बस्स. एवढंच झालं. कुणी चौकशी केली नाही, कुणी शंका घेतली नाही. मेन पाडायचा राहिला, वीज आली, काडी ठोकलेली मोटर सुरू झाली. सगळं जुळत होतं. उलट वहिनींनी प्रसंगावधान राखलं म्हणून माणूस वाचला, असं गल्लीत झालं. त्या दिवाळीत लोक मला बघायला यायचे.

भागीनं बघितलं होतं का? भट्टीपासून बोर्ड दिसतो. दार उघडं असलं तर. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि घाणा उचलून गुरांपुढे ओतला. हंगाम संपल्यावर ती परत आली नाही. मी निरोप धाडला, तरी नाही आली.

महिन्याभरानं भाऊ गिरणीत आले. मी नवा स्टार्टर बसवून घेतला होता. त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, एका शब्दानंही मला बोलले नाहीत. त्या वेळी चार शिव्या हासडल्या असत्या तर मी कदाचित सगळं ओकले असते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नुसतं बसून सांगा, हातानं काम दुसरा करील. आठ-दहा दिवस आले. पण तो माणूसच राहिला नव्हता. लाईट गेली की उठायचे, बोर्डापर्यंत जायचे आणि दांड्याकडे बघत उभे राहायचे. "पाडला ना मी? वहिनी, बघा बरं, पाडला ना?" संध्याकाळी घरी निघाले की अर्ध्या वाटेतून परत यायचे. कुलूप ओढून बघायला. बसऱ्याच्या गोष्टी बंद झाल्या. मी एकदा मुद्दाम विचारलं, बर्फाच्या कारखान्यानं काय केलं हो? तर म्हणाले, "आता काय नक्की आठवत नाय."

त्यांच्या बोटांचं मला वाईट वाटायचं, पण बोटं जाण्याला निदान अपघात म्हणता येत होतं. हे दुसरं जे मी काढून घेतलं होतं, ते रोज समोर बसून काढत होते. एक वाक्य बोलले असते तर त्यांना ते परत मिळालं असतं. आज बोलू, असं मी रोज सकाळी ठरवायचे. ते समोर येऊन उजवा कान पुढे करायचे, आणि मी म्हणायचे, चहा घेताय ना?

बायको आधीच गेलेली. एकुलती मुलगी मंदा, रोह्याजवळ वरशाला दिलेली. ती येऊन त्यांना घेऊन गेली. दर दिवाळीला मी तिच्याकडे पोहे पाठवायचे. नवीन भाताचे, पातळ, निवडून. मी किती चांगली, असं मंदा पत्रात लिहायची. गणपतीचा फोटो मी परत जुन्या जागी लावू शकले असते, तिथे आता कुणी चप्पल टांगत नव्हतं. मला ते धैर्य झालं नाही.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्याच्या शेवटी मंदाचं पत्र आलं. "बाबा कशालाच हात लावत नाहीत. गॅसचं बटण मला तीन-तीनदा बघायला लावतात. नातवाला हाताला धरून रस्ता ओलांडत नाहीत, म्हणतात माझा भरवसा नाय. वहिनी, ते तुमचंच ऐकतात. एकदा येऊन समजावा."

मी त्याच आठवड्यात रोह्याची एसटी पकडली. सांगायचंच, असं ठरवून. नागोठण्याला पहिलं वाक्य जुळलं. खांब गाव येईपर्यंत मोडलं. रोह्याच्या स्टँडवर उतरताना मी पुन्हा जुळवलं आणि रिक्षात बसून पुटपुटत वरशाला गेले.

भाऊ ओटीवर खुर्चीत होते. केस पांढरे, दाढी मंदानं केलेली दिसत होती. मला बघून धडपडत उठले. "अगो मंदा, वहिनी आल्या गो!" उजवा हात पंचाखाली होता, तो त्यांनी बाहेर काढला नाही. डाव्या हातानंच खुर्ची पुढे केली. मंदा पाणी घेऊन आली, चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "हसुरामभाऊ, एक सांगायचंय."

"सांगा की."

तेवढ्यात फाटकातून एक तरुण गृहस्थ आला. रोह्याचाच, बर्फाचा कारखाना चालवणारा. तो म्हणे तिसऱ्यांदा येत होता. कारगिलची लढाई चालू होती, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि त्याला धास्ती लागली होती. "उद्या इकडे किनाऱ्याला काही झालं, आठ-आठ दिवस लाईट गेली, तर माझ्याकडे पंचवीस माणसांचं पोट आहे. कोळणींचा सगळा मासा माझ्या बर्फावर. तुम्ही हे बसऱ्यात केलंय म्हणतात. काका, तुम्ही कशाला हात लावू नका. फक्त येऊन खुर्चीवर बसा आणि सांगा."

भाऊ ऐकत होते. उजवा कान पुढे. आणि मी शपथेवर सांगते, तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी आलं. पाठ ताठ झाली. पंचाखालचा हात बाहेर आला, दोनच बोटांचा, आणि त्यानं ते हवेत काहीतरी मोजायला लागले.

"तुमच्याकडं पयलं काय..." ते म्हणाले आणि थांबले.

हात पुन्हा पंचाखाली गेला.

"नाय बाबा. मी इसरनारा मानूस हाय. माझ्या भरवशावर कुनाचा हात गेला तर? ह्या बसल्यात ना, आमच्या वहिनी. ह्यांना इचार. ह्यांच्या डोल्यांदेखत झालंय सगळं. सांगा वहिनी."

तो तरुण माझ्याकडे बघायला लागला. भाऊही. दारात मंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिघं माझ्याकडे बघत होते आणि मला जे सांगायचं होतं, ते सांगायला याच्याहून चांगली वेळ देवानंसुद्धा आणून दिली नसती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: हा माणूस कधीच काही विसरला नाही.

मी म्हणाले, "त्यांना आता झेपायचं नाही हो. राहू दे."

तो गेला. चहा न घेताच गेला. मंदानं कप ठेवले.

"बरं झालं तुमी बोलला," भाऊ हळूच म्हणाले. "माझा मी बोललो तर त्याला वाटायचं, म्हातारा टाळतोय." मग, "वहिनी, तुमी काय सांगनार व्हता?"

"काही नाही. पोहे आणलेत, एवढंच."

त्यानंतर दीड वर्षानं ते गेले. मला मंदाचं पत्र उशिरा मिळालं. हे मी आता लिहिते आहे तेव्हा मंदाला नातवंडं झाली आहेत आणि ती वाचेल, हे मला ठाऊक आहे. तिनं वाचावं म्हणूनच लिहिते आहे, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ज्याला सांगायचं होतं तो वाचणार नाही, म्हणून लिहिण्याचा धीर झाला, हे जास्त खरं आहे.

त्या दिवशी वरशाहून निघताना ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. नको नको म्हणत असताना आले. मी आत बसले तर त्यांनी वाकून माझा पदर चाकाच्या बाजूनं लोंबत होता तो डाव्या हातानं उचलून आत टाकला, नीट, दोनदा बघून. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "सांभाळून ने रे. ह्या बाईनं माझा जीव वाचवलाय."

रिक्षावाल्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मोठ्या आदरानं मान झुकवली. मी म्हणाले, "चला."